आमचे चार, तुझा दीड

वरवंड, ता. दौंड
२० डिसेंबर १९९८

ती. दादास,

आई बरी आहे. हे वाक्य सगळ्यात आधी लिहायला तिनंच सांगितलं, म्हणजे पुढचं तू निवांत वाचशील.

मला स्थळ आलंय. तळेगाव ढमढेऱ्याचं. मुलाचं नाव शंभू गडदे. पाबळला राहून वेल्डिंगचं शिकला आणि आता गावात स्वतःचं शेड टाकलंय. ग्रील, नांगर, पाण्याच्या टाकीचे स्टँड करतो. बघायला आला तेव्हा पोह्याची ताटली हातात घ्यायच्या आधी आपल्या दाराची कडी हलवून बघितली आणि म्हणाला, "ही उलटी बसवलीय." तीन वर्षं आपण त्या कडीला शिव्या घालतोय, दादा. जाताना त्यानं ती सरळ करून दिली.   रात्री आईनं विचारलं, पसंत आहे का? मी म्हटलं, कडी बरी लागते आता.

त्याचे वडील गेणबा आप्पा. आपल्यातलेच, आधी मेंढरं होती, आता ऊस आणि भाजी. त्यांची अट एकच. म्हणाले, "पोरीला बाप न्हाई. तवा भावानं सोताच्या तोंडानं 'दिली' म्हनल्याबिगर सुपारी फुटायची न्हाई." त्यांच्या भावकीत एकदा मामानं शब्द दिला होता आणि परगावचा भाऊ ऐन हळदीला येऊन म्हणाला, मला कुणी विचारलं? तेव्हापासून त्यांचं तोंड दुधानं पोळलंय.

कोंडिबा मामा म्हणाले, "मंग फोनवर घ्या की शब्द." सगळे हसले, पण ठरलं तेच. बैठक नागसेनच्या एसटीडी बूथवर. तुझ्या वर्गातला नागसेन, त्यानं हायवेला बूथ टाकलाय. तुझी सुट्टी शुक्रवारची म्हणून २९ जानेवारी, शुक्रवार धरलाय. वेळ नागसेननं तुझं-आमचं सगळं बघून काढलीय. दुपारी बरोबर दीड वाजता फोन लाव. दीड. एक मिनिट इकडं नाही की तिकडं नाही, माणसं फोनभोवती बसलेली असतील. नंबर पाठीमागं लिहिलाय.

घड्याळ चालतंय ना? आणि पत्त्यात तू 'बकाला' लिहितोस, ते तुझ्या कंपनीचं नाव का?

तुझी,
सुषमा


कुवेत
१५ जानेवारी १९९९

चि. सुषमास, दादाचा आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं. कडीचं वाचून हसलो, कारण ती उलटी कडी मीच बसवल्याली. तेवढं पाव्हण्याला सांगू नगो.

आप्पांची अट बरुबर हाय. भाऊ हाय म्हनल्यावर त्यानंच बोलाय पायजे. तू काय काळजी करू नगो, मी बोलतो. व्हय, बकाला म्हंजी कंपनीच. मोठी हाय. मी आता फोरमन हाय, साडेचारशे हायती माझ्या हाताखाली, समदी माझं ऐकत्यात. आईला सांग.

घड्याळाचं इचारलंस. तू धावीच्या परीक्षेत पहिली आलीस तवा ग्रामपंचायतीनं तुला दिल्यालं, आन् मी निघालो तवा दौंड स्टेशनात तू माझ्या मनगटाला बांधलंस. पलाटफारमाच्या घड्याळाशी आपुन ते जुळवलं. तवापासनं किल्ली रोज देतो, पर काटं फिरवलं न्हाईत. हितली माणसं हसत्यात, म्हनत्यात ह्याच्या हातावर कुठल्या मुलखाचा टाईम हाय. हसू देत. माझ्या हातावर वरवंडचंच वाजत असतं.

तवा तुला वाटलं आसंल, सातवी नापास दादा टायमाला चुकंल, तर चुकायचं कामच न्हाई. तुमचा दीड त्यो माझा दीड. मला हिशोब करायची गरजच न्हाई.

आईला दंडवत.

तुझा दादा,
जालिंदर


कुवेत
२९ जानेवारी १९९९

सुषमा,

हे पत्र दुकानाच्या फळीवर उभ्या उभ्या लिवतोय. भाईर गाडी हारन वाजवतीया.

दीडला फोन लावला. काटा बघून लावला. लई वेळ नुसती रिंग. मंग शेजारच्या टपरीवाल्या म्हाळूआण्णानं उचलला. म्हनला, "हितं कोन न्हाई. नागसेन भाईर गेलाय." मी म्हनलं, तळेगावचं पाव्हणं आल्यात का? म्हनला, "कसलं पाव्हणं? सकाळधरनं च्या सुदिक खपला न्हाई." आन् ठिवला.

म्हंजी बैठक दुसरीकडं घातली. माझा आवाज नगं हुता तर सरळ लिवायचं. बहीण धावी, जावई मशनीवाला, त्यात सातवी नापास भावाला चार माणसांत कशाला बोलवा, आसंच ना? कवाच्या काळी मी बापाचं ऐकलं न्हाई म्हनून आजून कुणाच्या मनातनं ते गेलं न्हाई, ते आज कळलं.

मामाला म्हनावं, तूच दे शब्द. मला पत्र घालू नगा.

जालिंदर


वरवंड
३१ जानेवारी १९९९

दादा,

परवा काय झालं ते लिहिते.

साडेतीनला तळेगावची जीप आली. अकरा माणसं. नागसेननं दुपारीच शाळेत जाऊन सतरंज्या आणल्या होत्या, त्या बूथसमोर अंथरल्या. फोन ओढून दाराशी स्टुलावर ठेवला. आईनं त्याला हळदकुंकू लावलं. नागसेन म्हणाला, "लावा मावशी, लाईन तेवढी लागू दे." सगळे हसले. तेवढंच त्या दिवसाचं हसणं.

चार वाजले. चार-दहाला फोन वाजला तर सगळी माणसं उठून उभी राहिली, आई सुद्धा. ती एका ट्रकवाल्याची बायको होती, सोलापूरहून, नवरा वरवंड ओलांडून गेला का विचारत होती. पाच वाजले. म्हाळूआण्णा दोनच्या एसटीनं दौंडला गेला होता, म्हणून त्याच्या बायकोनं, सिंधूबाईनं, चहा केला, दोनदा. मामा सारखे म्हणत होते, "कंपनीचं काम, आडाकला आसंल." सहाला गेणबा आप्पा उठले. ओरडले नाहीत. आईला म्हणाले, "रतनबाई, बहिणीसाठी एक फोन जमंना, त्यो उद्या अडीनडीला काय उभा ऱ्हायचा?" सुपारीची पिशवी न सोडता तशीच परत नेली.

शंभू सगळ्यांत शेवटी जीपमध्ये चढला. चढायच्या आधी मागं आला आणि रिसीव्हर नीट बसलाय का ते दाबून बघितलं. बसलेला होता.

तुझ्या दीडला इथं चार वाजतात. तुला हिशेब पडू नये म्हणून मी तुझ्याच घड्याळातली वेळ लिहिली होती. आता गावात लोक म्हणतात, त्याला तिकडं दारू लागली असंल. आई म्हणते, असं बोलू नका, आणि चुलीपाशी जाऊन बसते.

तू झोपला होतास का दादा? एवढंच लिही.

सुषमा


वरवंड
१६ फेब्रुवारी १९९९

दादा,

तुझी दोन्ही पत्रं आली. पंधरा जानेवारीचं तीन फेब्रुवारीला, रागाचं काल. पहिल्यात "तुमचा दीड तो माझा दीड" वाचलं तेव्हाच मला घोटाळा कळला. पत्र तसंच हातात घेऊन बूथवर गेले. नागसेननं वाचलं आणि कपाळावर हात मारला.

चूक माझी आहे. एकच वेळ लिहिली, आणि ती कुणाच्या घड्याळातली ते लिहिलं नाही. दहावीत पहिली! सूर्य आधी आपल्याकडं येतो आणि अडीच तासांनी तुझ्याकडं, म्हणून तुझं घड्याळ आमच्या मागं. एवढं मला कळलं, पण तुझ्या मनगटावर वरवंडचं घड्याळ असेल हे कसं सुचावं? मी तुझ्यासाठी काटे मागं नेले, आणि तू माझ्यासाठी ते हलवलेच नाहीस. तुझा फोन आला तेव्हा इथं दीड होता, नागसेन सतरंज्या आणायला गेला होता. म्हाळूआण्णाला विचारलं तर म्हणतो, "व्हय, आल्ता एक फोन. कोन तरी वरडत हुतं. ठिवून दिला."

तुझ्या रागाचं मला काही वाटलं नाही. वाटलं, पण गेलं.

शंभू परवा नागसेनचं शटर दुरुस्त करायला आला होता. नागसेन म्हणतो, शटरला काही झालेलंच नव्हतं. त्याला घड्याळांची सगळी गोष्ट कळली, त्यानं घरी जाऊन आप्पांना सांगितली. आप्पा म्हणाले, "घड्याळाचं कळलं. आता माणसाचं कळू द्या."

म्हणून विचारते, दादा. अडीच तासांनी पुन्हा एकदा का नाही लावलास? सुट्टीचा दिवस, फोरमन माणूस, आड काय आलं? आणि यवतचा एक जण कुवेतहून परत आलाय, तो म्हणतो बकाला म्हणजे किराणा दुकान.

खरं लिही.

सुषमा


कुवेत
१२ मार्च १९९९

चि. सुषमा,

तुझं जानेवारीचं पत्र मागल्या महिन्यात मिळालं. दोन खेपा कागद घेऊन बसलो, लिववलं न्हाई. आज दुसरं मिळालं. त्यात तू म्हनतीस चूक तुझी. ते वाचल्यावर मातर गप ऱ्हाववंना.

मी मेंढरं राखतो.

लिवलं. आता म्होरलं सोपं हाय.

फोरमन न्हाई, कंपनी न्हाई. मुंबईचा एजंट म्हनला, गोदामात माल लावायचा. इमानातनं उतरलो, एका गाडीत घातलं, तीन तासांनी वाळूत एका तंबूपाशी सोडलं. साडेचारशे मेंढरं. बघून मला आदी हसू आलं. मंग जे आलं ते लिवत न्हाई. पंधरा दिसातनं एकदा शुक्रवारी पाण्याचा टँकर येतो. त्यावर रहमत म्हनून पठाण हाय, त्यो मला गावात नेतो. तिथं बकाल्यात माझी पत्रं ठिवल्याली असत्यात, फोनचं हापिस हाय. बाराला रहमत माघारी निघतो. तेवढाच माझा येळ.

परत का न्हाई लावला, इचारतीस. रहमत म्हनला बी, "रुक जा भाई, शाम को पैदल आ जाना." चौदा किलोमीटर. आबा मेंढरं घेऊन एका दिसात त्याच्यापरीस जास्त चालायचं. पर मी रुसलो हुतो. टँकरात बसलो आन् आलो. तुम्ही फोनभवती बसला हुता तवा मी तंबूत पालथा पडून तुम्हालाच शिव्या देत हुतो. आई फोनला कुंकू लावती आन् मी शिव्या देतो. ह्याची जेवढी लाज वाटती तेवढी मेंढरांची बी वाटत न्हाई.

मेंढरांची का वाटती ते तुला ठावं हाय. दौंडच्या बाजारात आबा म्हनलं, "गुडघा चालंना पोरा, एवढं एक साल मेंढरांबरं जा." मी काय म्हनलो? "जनावरामागं जनावर हून फिरायचं न्हाई मला." आबांनी काठी ह्या हातातनं त्या हातात घेतली. बास. त्या दिवाळीला मेंढरं मोडली, इकून टाकली, आबा दोन वर्सं वट्ट्यावर बसून ऱ्हायलं, आन् गेलं. आता रोज सकाळी उठून माझ्या हातात काठी असती.

घड्याळ वरवंडवर ठिवलं ते काय लई मायेनं न्हाई गं. हितला टाईम लावला तर मी हितं हाय आसं हुईल, म्हनून ठिवलं. मध्यान्हीला सावली पायात येती, मेंढरं एकमेकींच्या पोटाखाली मुंडकी घालत्यात, आन् माझ्या हातावर अडीच वाजल्यालं आसत्यात. दोन वर्सं रोज बघतोय. अडीच तासाचा फरक टकुऱ्यावर उभा हुता आन् मला दिसला न्हाई. तुझ्या पत्रात बी लिवल्यालं हाय, "तुझं-आमचं सगळं बघून." ते आज पयल्यांदा वाचल्यासारखं वाचलं.

हे आईला सांगू नगो. पाव्हण्यांला तर न्हाईच न्हाई. माझ्या आवाजाबिगर हुईल आसं कायतरी मामाला करायला लाव. पाया पडतो.

जालिंदर


वरवंड
२६ मार्च १९९९

दादा,

आईला सांगू नको म्हणालास. आईनंच मला सांगितलं होतं, दिवाळीत.

तुझं दिवाळीचं पाकीट फोडताना डिंकाला एक केस चिकटलेला निघाला. तिनं तो दोन बोटांत धरला, वळून बघितला, उजेडाला नेला. म्हणाली, "लोकर हाय. आपल्याकडची न्हाई, केस लांब हाय." मग मी पत्र वाचलं, कंपनी, गोदाम, सगळं. ऐकून झाल्यावर म्हणाली, "लिवतोय तसं लिवू दे त्याला. आपुन इचारायचं न्हाई." तो केस तिनं हळदीच्या डबीत ठेवलाय. जानेवारीच्या पत्रात 'साडेचारशे माझं ऐकतात' वाचलं तेव्हा आम्ही दोघी तोंडाला पदर लावून हसलो. नंतर आईनं ती डबी पुन्हा उघडून बघितली.

आबांचं मला तू सांगायची गरज नव्हती. मी तेव्हा सातवीत होते, बाजारात तुझ्या मागंच उभी होते, पिशवी घेऊन.

आता ऐक. बैठक पुन्हा ठरलीय. आप्पा म्हणाले, मोडलेली बैठक मोडली तिथंच बसवायची, त्याच जागेला, त्याच वाराला, त्याच टायमाला. तुझा टँकर बाराला निघतो हे मला आता माहीत आहे, पण आप्पांना टँकर कसा सांगू? टँकर सांगायचा तर मेंढरं सांगावी लागतात, आणि ती मी सांगणार नाही. मामांना पण सांगितलेलं नाही.

शुक्रवार, २३ एप्रिल. आमचे चार. तुझा दीड. तुझ्या हातावर, काटे अजून तसेच असतील तर, चार. तिन्ही लिहिलीत. आता चुकायला जागा ठेवलेली नाही.

काय बोलायचं तेही मी सांगणार नाही. पण आप्पा विचारतील, काय काम करता. तू जे म्हणशील ते ओटीत घेऊन मला त्या घरात जायचंय, तेवढं ध्यानात ठेव.

आणि घड्याळ फिरव दादा. मी ते तुला तिथं वापरायला दिलं होतं.

सुषमा


कुवेत
२३ एप्रिल १९९९

चि. सुषमा,

फोन झाल्यावर लगीच लिवतोय. तुम्ही तिकडनं ऐकलंच हाय, पर हिकडनं कसं झालं ते सांगतो.

काल तंबूत बसून काटं मागं घेतलं. अडीच तास.  आज सकाळी रहमतला म्हनलं, मी चालत यीन. त्यानं मला एक पाण्याची बाटली दिली आन् गेला. मी बकाल्याच्या पायरीवर बसून ऱ्हायलो. दीड काय लवकर वाजंना. वाजला तवा लावला.

नागसेन म्हनला, "जाल्या, दीड का?" मी म्हनलं, "दीड. तुझं?" म्हनला, "चार." लई बरं वाटलं. मंग म्हनला, "फोन मोठ्या आवाजाचा केलाय, समद्यांला ऐकू येतंय. संभाळून." आई आली. नुसतं "जेवलास का?" म्हनली, दोनदा. जेवलो न्हवतो, व्हय म्हनलो. एवढं एक खोटं धरू नगो.

मंग आप्पा.

"काय काम करता तुम्ही तिकडं?"

फोरमन हा शब्द जिभंवर हुता. खोटं न्हाई सांगत, दात लावून धरला हुता. तुमच्या हायवेच्या गाड्या मला ऐकू येत हुत्या.

"मेंढरं राखतो, आप्पा," म्हनलं. "दुसऱ्याची."

तिकडं कोन तरी खोकलं, मामाच आसंल.

"किती?"

"साडेचारशे."

"एकटं?"

"एकटाच."

"कुत्रं?"

"न्हाई."

"वाळूनं पाय उलत्यात का? मेंढरांचं इचारतोय, तुमचं न्हाई."

हितं तुमच्यातलं कोन तरी हसलं. मी म्हनलं, "उलत्यात. राख आन् तेल लावतो."

"हळद घाला त्यात."

"घालतो."

मला वाटलं, झालं. तवर ते म्हनलं, "तुमच्या वडलांचा आन् आमचा मेंढरांचा वाडा एक साल भीमंच्या काठाला शेजारी शेजारी उतरला हुता. मेंढरं मोडायच्या आदी. रोज सांच्याला बसायचो. पोरगं बाजारात काय म्हनलं ते त्येंनी मला सांगितल्यालं."

सुषमा, मी तिथं फोनच्या हापिसात उभा हुतो, मागं चार माणसं रांगंत. मला वाटत हुतं ते बोलणं आपल्या घरातच हाय. तुला ठावं, आईला ठावं, आन् मला. ज्याच्या घरी तुला द्यायची त्याला ते आदीपासनं ठावं, आन् त्यो दोनदा जीप भरून आला.  तोंड भिताडाकडं केलं.

"बरं," आप्पा म्हनलं. "आता बोला काय बोलायचं ते."

मी म्हनलं, "दिली." ऐकू गेलं न्हाई आसं वाटलं. परत म्हनलो, "दिली." तेवढ्यात कार्ड सरलं आन् फोन कट झाला.

ऐकू गेलं का न्हाई, सुपारी फुटली का न्हाई, मला ठावं न्हाई. पुढल्या खेपंपातूर ठावं व्हायचं न्हाई. आता निघतो, चौदा किलोमीटर हाय. आबांनी परक्या माणसापाशी सांगितलं म्हंजी लईच लागलं आसंल. वाटंनं तेच डोक्यात ऱ्हाणार.

तुझा दादा


वरवंड
८ मे १९९९

ती. दादास,

दोन्ही वेळा ऐकू आलं.

फोन कट झाल्यावर माणसं एकमेकांकडं बघत होती. मामा तर जमिनीकडं. आप्पांनी पिशवी सोडली, सुपारी नारळाशेजारी ठेवली आणि म्हणाले, "पत्र लिवशिला तवा म्हनावं, हळद घालायला इसरू नगो." आणि फोडली. शंभूनं रिसीव्हर जागेवर ठेवला, दाबून.

आबा त्यांना आणखी काय म्हणाले होते ते मी विचारलं. आप्पा म्हणाले, "त्यो यील तवा त्यालाच सांगीन." 

मध्ये अधिक महिना येतोय, म्हणून लग्न २७ जूनला, रविवारी. तुला येता येणार नाही, हे आईला मी सांगितलं. ती म्हणाली, त्याला टाईम तरी कळीव. तर, अक्षता आमच्या घड्याळात दुपारी बारा वाजून बत्तीस मिनिटं. तुझ्या घड्याळात सकाळी दहा वाजून दोन मिनिटं. तेव्हा उभा राहा.

तुझी,
सुषमा


कुवेत
२७ जून १९९९

चि. सौ. सुषमास, आशीर्वाद. सौ. पयल्यांदाच लिवतोय.

हे पत्र शुक्रवारी टँकराबरं जाईल. तुला मिळंल तवर तू सासरी आसशील, आन् त्या घरात कडीकोयंडा बिघडल्याला आसायचा न्हाई.

सकाळीच आंगूळ केली. पाणी मापात असतं, तरी केली. अक्षतांला तांदूळ बघितलं तर सरल्यालं. मेंढरांसाठी जव असतो, त्यो मूठभर घेतला. त्याला हळद लावली. आप्पांनी सांगितल्यापासनं तंबूत हळद असती. मंग भाईर येऊन उगवतीकडं तोंड करून उभा ऱ्हायलो आन् घड्याळ बघत बसलो.

दहा वाजून दोन झालं. टाकला जव. मंगलाष्टक येत न्हाई, नुसतंच आईचं नाव घेतलं आन् तुझं. मेंढरांला वाटलं वैरण आली. साडेचारशे पळत सुटली माझ्याकडं. दाणं भुईवर पडायच्या आदी खाली मुंडकी, वाळू सुदिक चाटून काढली, आन् परत वर तोंड करून बघायला लागली, आजून हाय का म्हनून. लग्नातल्या माणसांसारखीच. हसू आलं. मंग लाज वाटली, की भनीच्या लग्नाला भाऊ एवढंच करू शकला.

एक सांगायचं ऱ्हायलं. अक्षता टाकायला उजवा हात मोकळा पायजे. म्हनून टाकायच्या आदी काठी ह्या हातातनं त्या हातात घेतली. घेतली आन् आबा दिसलं, तसाच थांबलो. जव टाकून झाला, मेंढरं पांगली, तरी उभाच. घड्याळ बघितलं तवा सव्वादहा झालं हुतं, हितलं सव्वादहा.

आप्पांना माझा रामराम सांग. आबा काय म्हनलं हुतं ते ऐकायला मी येतो म्हनावं.

तुझा दादा,
जालिंदर